पाठ टेकल्यावर

कुस्तीच्या मैदानात पैलवान चितपट झाला की टाळ्या जिंकणाऱ्याला पडतात. जाणत्या वस्तादाची नजर मात्र हरणाऱ्यावर असते. उठून माती झटकताना तो कुठं बघतो? आपल्याच पायाकडं बघितलं, म्हणजे पट लागला तेव्हा तो पाय कुठं होता हे त्याला उमगलंय. पंचाकडं बघत राहिला, तर पुढच्या वेळी त्याच डावावर परत पडणार. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या खासबागेत पिढ्यान्‌पिढ्या कुस्ती बघितलेल्या गावात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

२०२५ साली आलेल्या व्हिडिओ गेमची ही यादी त्याच नजरेनं लावली आहे. ग्राफिक्स सगळ्यांचेच चांगले झालेत, संगीतही. फरक पडतो तो पाठ टेकल्यावर. गेम हरण्याचं कारण दाखवतो का? परत उभं राहायला किती वेळ खातो? आणि हरण्याची किंमत कशात वसूल करतो: पैशात, वेळेत की अब्रूत? एवढ्या तीन प्रश्नांवर सात गेम. फुटबॉलचा गेम यादीत नाही. पेठांच्या आणि तालमींच्या संघांसाठी शाहू स्टेडियम भरवणाऱ्या गावात हे बोलणं धाडसाचं आहे, पण दरवर्षी नव्या जर्सीत तोच गेम येतो आणि त्यात हरण्याचं कारणही दरवर्षी तेच असतं, म्हणजे समोरच्यानं वेगवान विंगर घेतला.

सातवा पीक. लँडफॉल आणि अ‍ॅग्रो क्रॅब या दोन छोट्या स्टुडिओंनी मिळून जूनमध्ये काढलेला, आठेक डॉलरचा, डोंगर चढायचा गेम. विमान पडून बेटावर अडकलेली स्काउटची पोरं, समोर कडा, आणि दर २४ तासांनी बदलणारं बेट. दम दाखवणारी पट्टी एकच असते. भूक, जखम, थंडी, विष, पाठीवरचं ओझं, प्रत्येक जण त्याच पट्टीचा एकेक तुकडा गिळतो. नवखा माणूस हात सुटेपर्यंत चढत राहतो आणि पडतो. खरी रीत अशी: खालूनच डोळ्यांनी वाट आखायची, पाय टेकून उभं राहता येईल अशी कपार हेरायची, पट्टी पाव शिल्लक असताना तिथं पोचायचं, ती भरू द्यायची, मग पुढं. पन्हाळ्याची चढण पावसात पायी चढलेल्यांना यात नवीन काही नाही. भूक हाताबाहेर गेली की शेजारचा दोस्त भाजलेल्या कोंबडीसारखा दिसायला लागतो, आणि हा विनोद तर कोल्हापुरात समजावून सांगायलाच नको. गेम खाली का? कारण इथं माणूस बहुतेक वेळा दोस्तामुळं पडतो आणि गेमला त्यावर काही म्हणायचं नसतं.

सहावा हेडीज २. सुपरजायंटचा हा गेम मे २०२४ पासून अर्धवट रूपात खेळता येत होता, पूर्ण झाला २५ सप्टेंबर २०२५ ला. मेलिनोए नावाची चेटकीण, काळाचा देव क्रोनोस शत्रू, हत्यारं सहा. प्रत्येक हत्याराचा साधा वार आणि बटण दाबून धरल्यावरचा ओमेगा वार असे दोन प्रकार, आणि दुसऱ्याला मॅजिक लागतं. ते मॅजिक पुढच्या लढाईला आपोआप भरतं, म्हणून साठवून ठेवण्यात काही अर्थ नाही. तरी बहुतेक जण किराणा पुरवावा तसं ते जपून वापरतात आणि भरल्या पट्टीनिशी मरतात. आधी जमिनीवर मंत्राचं वर्तुळ टाकायचं, शत्रू त्यात अडखळला की ओमेगा दाबून धरायचा; उलट क्रमानं केलं तर दाबून धरण्याच्या त्या अर्ध्या सेकंदात मार बसतो. कारागिरी अव्वल आहे. पण इथं हरलं तरी ओंजळ भरलेली असते. नवे संवाद, नवी पत्तीकार्डं, कढईत शिजवायला नवा मसाला. हार इतकी गोड करून वाढली आहे की ती हार वाटतच नाही. कुणाला हेच सगळ्यात जास्त आवडेल. मला हार थोडी तिखटच हवी.

पाचव्या क्रमांकावर किंगडम कम: डिलिव्हरन्स २, प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओचा, ४ फेब्रुवारीला आलेला. साल १४०३, जागा बोहेमिया, नायक हेन्री नावाचा लोहाराचा पोर. राक्षस नाहीत, जादू नाही. चोरी करताना सापडलात तर खोड्यात उभं करतात, फटके देतात, गुन्हा मोठा असला तर डाग देतात, आणि गावातली माणसं ते लक्षात ठेवतात. इथली हार म्हणजे बेअब्रू. रक्तानं माखलेल्या, मळक्या कपड्यांत दुकानात गेलं तर दुकानदार बोलताना तोंड वाकडं करतो, म्हणून मारामारीनंतर आधी अंघोळ आणि धुणं, मग सौदा.

या गेममधलं लोहारकाम मात्र जवळून बघण्यासारखं आहे. पोलाद भट्टीत धरायचं, भाता मारायचा, रंग नारिंगी-पिवळा झाला की सांडशीनं ऐरणीवर. हातोडा एकाच जागी मारत बसायचं नाही, पात्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सरकत जायचं. ताल बरोबर जमला की हेन्री शिट्टी वाजवायला लागतो. शिट्टी थांबली म्हणजे एक तर हात घाईला आला, नाहीतर पोलाद थंड झालं. मग पातं उलटवायचं, परत भट्टीत, परत ऐरणीवर, आणि शेवटी पाण्यात बुडवायचं. पडद्यावर कसली टक्केवारी नाही, हिरवी-लाल पट्टी नाही, नुसती शिट्टी. चूक झालेली सांगायची यापेक्षा शहाणी तऱ्हा मला या वर्षी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये दिसली नाही.

मारामारीत नवखे का हरतात याचंही उत्तर सरळ आहे. दम संपेपर्यंत वार करतात, आणि दम संपला की समोरचा प्रत्येक फटका थेट जिवावर येतो. दोन-तीन वार, मग मागं. तिघे अंगावर आले तर पाठीनं सरकत राहायचं, म्हणजे तिघेही समोर राहतात आणि कुणाला पाठीमागं जाता येत नाही. गेम पाचवा ठेवण्याचं कारण सेव्ह. मनात येईल तेव्हा सेव्ह करायला एक विशिष्ट दारू प्यावी लागते, नाहीतर झोपावं लागतं, नाहीतर गेम बंद करून बाहेर पडावं लागतं. कल्पना चांगली आहे, जबाबदारीनं वागायला लावते. पण दीड तासाचं पायी चालणं एका कोल्ह्याएवढ्या चुकीनं पुसलं गेलं की जबाबदारी कसली आणि कसलं काय.

स्प्लिट फिक्शन चौथा. हेझलाइटचा, ६ मार्चचा, आणि दोघांशिवाय सुरूच न होणारा. मिओ विज्ञानकथा लिहिते, झोई परीकथा, दोघी एकमेकींच्या गोष्टींत अडकतात. एकानं विकत घेतला तरी पुरतो, दुसरा फ्रेंड्स पासवर ऑनलाइन येऊ शकतो. एकाच सोफ्यावर बसून खेळायचं तर दोन कंट्रोलर हवेत. कीबोर्डवर एक आणि कंट्रोलरवर एक असंही चालतं, पण मग टेबलावर वाकलेला माणूस अर्ध्या तासात पाठ धरून बसतो.

यात एकजण मेला तर दुसरा जिवंत असेपर्यंत खेळ चालू राहतो, आणि मेलेला थोड्या वेळानं परत येतो. मोठ्या लढाईत मेलेल्यानं बटण पटापट दाबलं तर लवकर. दोघेही एकदम गेले तरच मागं जायचं, तेही जवळच्याच टप्प्यावर. याचा परिणाम घरात बघण्यासारखा होतो. ताईनं कधी कंट्रोलर हातात धरला नसेल आणि दादा दहा वर्षं खेळत असेल, तर जिवंत राहणं हे दादाचं काम होतं, आणि दादा हळूहळू लढणं सोडून पळायला शिकतो. नव्या माणसाला पहिल्या तासात एकच गोष्ट जड जाते: कंट्रोलरच्या डाव्या काडीनं चालायचं आणि उजवीनं बघायचं, हे एकदम. त्याला ‘उडी मार’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही, कारण कॅमेरा जमिनीकडं असतो आणि त्याला कडाच दिसत नसतो. आधी मोकळ्या जागेत पाच मिनिटं नुसतं गोल फिरवायचं. एखादा टप्पा अजिबात जमत नसेल तर मेनूत तो ओलांडून पुढच्या टप्प्यावर जायची सोय आहे, आणि ती वापरण्यात कमीपणा नाही. डुकरं होऊन फिरायचं आणि शेवटी सॉसेज व्हायचं असं एक उपकथानक आहे, ते चुकवू नका. कथा तशी बेतास बात. संवाद तर शाळेच्या स्नेहसंमेलनासारखे.

आता वरचे तीन, आणि इथं जरा बसायला हवं.

ब्लू प्रिन्स तिसरा. डोगुबॉम्बचा, म्हणजे मुख्यतः टोंडा रॉस या एका माणसानं वर्षानुवर्षं घासूनपुसून केलेला, १० एप्रिलला आलेला. नात्यातल्या एका आजोबांनी नातवाच्या नावे वाडा ठेवलाय, अट अशी की ४५ खोल्यांच्या वाड्यातली ४६ वी खोली शोधून दाखव. वाडा पाच खोल्या रुंद आणि नऊ खोल्या खोल. दार उघडायला गेलं की तीन खोल्यांचे नकाशे समोर येतात, त्यातला एक निवडायचा, ती खोली तिथं उभी राहते. पावलं ५०, खोलीत शिरलं की एक जातं, जुन्या खोलीत परतलं तरी जातं. दिवस संपला की वाडा पुसला जातो आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून.

पहिल्या दहा दिवसांत सगळ्यांची एकच तक्रार असते: नशीब वाईट, खोल्याच धड येत नाहीत. तक्रार अर्धीच खरी. पावलं संपून दिवस बुडाला असं सुरुवातीला क्वचित होतं. दिवस बुडतो तो दारं संपून. त्याचा हिशेब कागदावर मांडता येतो. सुरुवातीच्या दालनातून निघताना तीन दारं उघडी असतात. एक दार उघडलं की एक खर्च झालं, आणि नव्या खोलीला आपण आत आलो ते सोडून जितकी दारं, तितकी जमा. म्हणजे एकच दार असलेली बंद खोली घेतली की शिल्लक एकानं घटते. दोन दारांची घेतली तर जैसे थे. तीन दारांची एक वाढवते, चार दारांची दोन. त्यातून एखादं दार बाहेरच्या भिंतीवर किंवा शेजारच्या खोलीच्या कोऱ्या भिंतीवर आपटलं तर तेही बुडालं. एवढं कळलं की निवड बदलते. बंद खोल्यांत किल्ल्या, रत्नं, नाणी असतात, त्या हव्यातच, पण त्या खालच्या रांगांतल्या कोपऱ्यांत टाकायच्या, जिथं दार तसंही भिंतीवरच जाणार होतं. चार दारांची खोली मध्यावर. आणि खालच्या दोन-तीन रांगा आडव्या भरून घेतल्याशिवाय वर धावायचं नाही, कारण वर गेलं की दारांना कुलपं जास्त आणि हातात किल्ल्या नाहीत, अशी गत होते.

वाड्यात बैठकीची एक खोली आहे, तिच्यात निळी, पांढरी आणि काळी अशा तीन पेट्या. प्रत्येकीवर विधानं. किमान एका पेटीवरचं सगळं खरं, किमान एकीवरचं सगळं खोटं, आणि रत्नं एकीतच. लोक इथं विधानांकडं बघत डोकं खाजवतात. उलट बाजूनं जायचं: रत्नं निळीत आहेत असं धरून बघ, मग पांढरीत, मग काळीत, आणि ज्या गृहीतात नियम मोडत नाही ती पेटी उघड. समजा निळीवर लिहिलंय ‘रत्नं या पेटीत आहेत’, पांढरीवर ‘रत्नं निळ्या पेटीत आहेत’, काळीवर ‘रत्नं या पेटीत नाहीत’. निळीत धरली तर तिन्ही विधानं खरी ठरतात, खोटं एकही उरत नाही, बाद. काळीत धरली तर तिन्ही खोटी, बाद. राहिली पांढरी. जिच्याबद्दल कुणीच बोललं नाही तिच्यातच माल, हे भाऊबंदकीच्या वाटण्या बघितलेल्यांना पटकन पटावं. दुसऱ्या एका खोलीत डार्टच्या फळीवर गणितं आहेत: निळा बेरीज, पिवळा वजाबाकी, गुलाबी गुणाकार, जांभळा भागाकार, आणि मधून बाहेर सोडवत जायचं. वही हवीच. मोबाइलमध्ये फोटो काढून भागत नाही, कारण नंतर शोधायचं असतं ते चित्र नसतं, तर दोन चित्रांमधलं नातं असतं.

पण गेम आला तेव्हा दिवसाच्या मध्यात सेव्ह करायची सोयच नव्हती, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर वीज काय करते ते माहीत आहे. पाऊस सुरू झाला, कुठंतरी फांदी पडली, दिवे लुकलुकले, आणि आठव्या रांगेपर्यंत चढवलेला वाडा गेला. ही हार ना आपली, ना गेमची. उपाय यूपीएस, पण तो घेताना फसगत होते. ६०० व्हीएचा स्वस्त यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. ग्राफिक्स कार्ड असलेला डेस्कटॉप गेम चालू असताना ३५० च्या आसपास ओढत असेल आणि मॉनिटरही त्याच्यावरच असेल, तर वीज गेल्या क्षणी यूपीएस नुसता ओरडतो आणि स्वतःही बंद पडतो. अशा मशीनला १००० व्हीए, म्हणजे सुमारे ६०० वॅट, लागतो, आणि तोही पाच-दहा मिनिटांसाठी. स्पीकर आणि राउटर त्याच्यावरून काढून टाकावेत, प्रिंटर तर अजिबात जोडू नये. जुन्या बॅटरीचा भरवसा नसतो, म्हणून पावसाळ्याआधी एकदा साधा बल्ब लावून, प्लग काढून, किती वेळ तग धरतो ते बघून घ्यावं. लॅपटॉपवाल्यांना ही कटकट नाही. ब्लू प्रिन्सचा दुसरा दोष असा की तो इंग्रजी शब्दांच्या खेळावर फार विसंबलाय, आणि पहिली पन्नास कोडी सोडवून झाल्यावर पुढची दोनशे कुणासाठी आहेत हे त्यालाच ठाऊक.

दुसरा क्रमांक वर्षभर ज्याच्या नावाचा गाजावाजा झाला त्या क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३ चा. फ्रान्समधल्या माँपेलिएचा सँडफॉल स्टुडिओ, मूळ चमू तीसेक माणसांचा, पहिलाच गेम, २४ एप्रिलला आला, आणि डिसेंबरात द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा गेम ठरला. कल्पनाच अंगावर काटा आणते. दूरच्या शिळेवर एक चित्रकर्ती दरवर्षी एक आकडा रंगवते, आणि त्या वयाची सगळी माणसं फुलांच्या पाकळ्यांसारखी विरून जातात. आकडा दरवर्षी एकानं उतरतो. यापुढचं कथेबद्दल काही सांगणं म्हणजे पाप.

खेळायची रीत जुनी, आळीपाळीची: आधी आपला डाव, मग समोरच्याचा. पण समोरच्याचा डाव येतो तेव्हा हात जोडून बसायचं नाही. वार येताना नेमक्या क्षणी बटण दाबून तो चुकवता येतो किंवा परतवता येतो. परतवला की एक एपी मिळतो, म्हणजे पुढच्या डावासाठी भांडवल, आणि वारांची अख्खी मालिका परतवली तर उलटा तडाखा. एपी नऊपर्यंतच साठतात. म्हणजे समोरच्याच्याच जोरावर त्याला पाडायचं. तालमीत याला तोड म्हणतात. डाव सगळ्यांना येतात, तोड येणारा पुढं जातो.

लोक इथं हरतात ते हत्याराकडं बघून. शत्रू हत्यार उगारतो, थांबतो, मुद्दाम रेंगाळतो, आणि तोवर आपलं बटण दाबून झालेलं असतं. हत्यार खोटं बोलतं. अंगाचा झोक आणि आवाज बोलतात खरं. शिकायचा क्रम असा ठेवावा. नवीन शत्रूसमोर पहिल्या दोन फेऱ्या फक्त चुकवायचं, कारण चुकवायला वेळेची मोकळीक जास्त असते. चुकवताना ‘परफेक्ट’ असा शब्द उमटला की समजायचं, या क्षणी परतवलं असतं तरी जमलं असतं. एकाच मालिकेत तीनदा ‘परफेक्ट’ आलं की मग परतवायला सुरुवात. डॉजर नावाचा पिक्टो, म्हणजे अंगावर घातला की एखादा गुण देणारा ताईत, सुरुवातीलाच मिळतो, तो घातला की अचूक चुकवण्यावरही एपी मिळतो, त्यामुळे शिकण्याच्या काळात उपाशी राहावं लागत नाही. पिक्टो घालून चार लढाया जिंकल्या की त्याचा गुण सगळ्या चमूला वापरता येतो. म्हणून आवडता एकच पिक्टो मिरवत बसू नये. शिकून झाला की काढायचा, नवा घालायचा, मळणीसारखा पाळीपाळीनं.

आणि इतकं करूनही वेळ चुकतच राहिली, तर संशय स्वतःवर घेण्याआधी टीव्हीवर घ्या. दिवाणखान्यातला मोठा टीव्ही चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून त्याच्यावर प्रक्रिया करतो, आणि त्यात चित्र काही दशांश मिलिसेकंदांनी नव्हे, चांगलं पन्नास-शंभर मिलिसेकंद मागं पडू शकतं. गेम सेकंदाला ६० चित्रं दाखवत असेल तर एक चित्र १६.७ मिलिसेकंदांचं. म्हणजे शंभर मिलिसेकंद म्हणजे सहा चित्रं हुकली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो त्या एचडीएमआय पोर्टपुरता चालू करायचा. चित्र थोडं फिकं दिसेल, दिसू दे. दुसरा चोर ब्लूटूथ हेडफोन. त्याचा आवाज शंभर ते दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचणं नेहमीचंच. गाणी ऐकायला चालतं, सिनेमात तर चित्रच थांबवून जुळवून घेतात, पण इथं आवाजावर बटण दाबायचंय. वायरचा हेडफोन लावा. तिसरा, सेकंदाला तीस चित्रांवर लटपटणारं मशीन. रिझोल्यूशन आणि सावल्या एक पायरी खाली आणल्या तर साठ गाठता येतात. चौथा कंट्रोलर: काडी आपोआप सरकत असेल तर आत कार्बनचा पट्टा झिजलाय. आधी हवा मारून धूळ काढून बघायची, मग गेमच्या सेटिंगमध्ये मधला निष्क्रिय भाग थोडा वाढवायचा. हॉल इफेक्टच्या काड्यांचा कंट्रोलर घेतला तर हे झिजणंच टळतं, कारण तिथं चुंबकानं मोजतात, घासून नाही.

पहिलाच क्रमांक का नाही दिला? दोन कारणं. पहिल्या दोन अंकांत एका फटक्याला ९,९९९ च्या वर नुकसान मोजलंच जात नाही, म्हणून एकच मोठा वार करणारे पात्र मागं पडतं आणि बारीक बारीक पुष्कळ वार करणारं पुढं जातं, आणि हे गेम नीट सांगत नाही. तिसऱ्या अंकात बंधन सुटतं तेव्हा उलटं होतं: वार इतके मोठे की समोरच्याचा डाव येण्याआधीच लढाई खल्लास. तोड शिकवणाऱ्या गेमनं शेवटी तोडीची गरजच संपवावी, याचं वाईट वाटतं.

आणि पहिला, हॉलो नाइट: सिल्कसाँग. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडची टीम चेरी, तिघांची. आधीच्या गेमची पुरवणी म्हणून सुरू झालेलं काम फुगत गेलं, २०१९ च्या फेब्रुवारीत स्वतंत्र गेम म्हणून जाहीर झालं, आणि आलं ४ सप्टेंबर २०२५ ला, वीस डॉलरला. त्या दिवशी ऑनलाइन दुकानं गर्दीनं आडवी झाली. मग आठवडाभर एकच ओरडा: फार अवघड आहे. निर्मात्यांनी सुरुवातीचे दोन बॉस, म्हणजे वाट अडवणारे दांडगे शत्रू, मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर, थोडे सौम्यही केले.

अवघड आहेच. पण कुठं अवघड आहे ते मोजून बघण्यासारखं आहे, आणि मोजता येतं म्हणूनच तो पहिला. नायिका हॉर्नेटकडं सुरुवातीला पाच मुखवटे, म्हणजे पाच जीव. बरेच बॉस एका फटक्याला दोन मुखवटे नेतात. पाचातून दोन गेले तीन उरले, परत दोन गेले एक उरला, तिसरा फटका आणि संपलं. आता कष्टानं चार तुकडे जमवून सहावा मुखवटा मिळवा. सहातून दोन, दोन, दोन. तिसऱ्या फटक्यालाच मरण. म्हणजे दोनदोन नेणाऱ्यांसमोर तो सहावा मुखवटा काहीच कामाचा नाही, सातवा मिळाला की मग एक फटका वाढतो. हे गणित ठाऊक नसलेला माणूस सहा मुखवटे घेऊन जातो, तसाच मरतो आणि स्वतःला दोष देतो.

जीव भरायचं गणितही तसंच. नऊ धागे रेशीम लागतं, तीन मुखवटे परत मिळतात. धागा मिळतो प्रत्येक लागलेल्या वाराला एक. तीन मुखवटे उरले असताना जीव भरला तर पाचच होतात, एक वाया. एक उरला असताना भरला तर चार, वाया काही नाही, पण दोन फटक्यांतच परत यमाच्या दारात. आणि तोच रेशमाचा गुंडा सुईफेकीसारख्या कौशल्यांनाही चार-चार धाग्यांनी संपतो. म्हणजे एकदा सुई फेकली की जीव भरणं चार वारांनी लांबलं. रानात कौशल्यं खुशाल वापरा. अनोळखी बॉससमोर पहिल्या पाच-सहा वेळा रेशीम फक्त जिवासाठी. जीव हवेतही भरता येतो, पण भरताना फटका बसला तर रेशीमही गेलं आणि जीवही, म्हणून तो बॉसच्या लांब आवर्तनात, शक्यतो उडी मारून, भरायचा.

आधीच्या गेममधून आलेल्यांची पहिली पाठ टेकते ती खाली मारायच्या वारावर. तिथं तो सरळ खाली जायचा, इथं हॉर्नेट तिरकी झेपावते. लोक लक्ष्याच्या डोक्यावर जाऊन बटण दाबतात आणि पलीकडं काट्यांत कोसळतात. लक्ष्याच्या अलीकडं राहायचं, जेवढं उंच तेवढंच लांब, तोंड त्याच्या दिशेला, आणि मग वार. एकदा लागला की ती उसळते, त्या उसळीतच पुढच्या लक्ष्याचं अंतर साधायचं. अर्धा तास सरावाला द्यावा. नाहीच जमलं तर पुढं वाँडरर्स क्रेस्ट, म्हणजे लढायची तऱ्हा बदलणारं चिन्ह, मिळतो, त्याचा वार सरळ खाली जातो. पण तोवर तिरक्या झेपेची गोडी लागलेली असण्याचाच संभव जास्त.

मरण्याची किंमत मण्यांत. इथलं चलन म्हणजे जपमाळेचे सुटे मणी. मेलं की ते जिथं पडलो तिथं कोषात राहतात. परत जाऊन कोष फोडला तर मणी मिळतात आणि रेशमाचा गुंडाही भरतो, वाटेतच परत मेलं तर गेले. सुट्या मण्यांच्या माळा ओवून देणारी यंत्रं असतात, थोडी दलाली कापतात, पण माळ मेल्यावरही आपलीच राहते. महाद्वार रोडवर ज्यांनी दुकानदारी बघितलीय त्यांना गल्ल्यात किती ठेवायचं आणि कपाटात किती, हे वेगळं सांगायला नको. बॉसच्या दारात जाण्याआधी ओवून घ्यावं. आणि कोष बॉसच्या खोलीत राहिला तर हळहळू नये. लढाई बिघडली की मध्येच तो फोडून रेशीम भरून घेता येतं, तेच नऊ धागे.

कुरकुर करायला जागा आहे. मेल्यावर ज्या बाकावरून परत सुरुवात होते त्या बाकापासून बॉसपर्यंतची धाव कुठं कुठं इतकी लांब आहे की शिकलेलं वाटेत विसरायला होतं. काही बाकांवर बसायलाही मणी मोजावे लागतात. हंटर्स मार्चमध्ये तर एक बाक चक्क सापळा लावलेला आहे, दमून बसलेल्याला तडाखा देणारा. हे वाचून बसलात तर सावध बसाल, न वाचता बसलात तर हसाल, दोन्ही ठीक. पण बॉसशी हरल्यावर ‘हे कसं झालं’ असा प्रश्न उरत नाही. अंग वळलं, आवाज आला, आपण हावरेपणानं एक वार जास्त केला. आपला पाय कुठं होता ते दिसतं.

पहिल्या अंकाच्या टोकाला ब्लास्टेड स्टेप्सच्या वर लास्ट जज उभा असतो, साखळीला बांधलेली जळती धूपदाणी गरगर फिरवत. तिथवरची धाव लांब आणि वाळूची, म्हणून वाटेतल्या कुणाशी लढत बसायचं नाही, पळत सुटायचं. धूपदाणी मागं खेचली की तो फेकणार, तेव्हा मागं न जाता आत शिरायचं. आगीचा टप्पा आला की वार थांबवून फक्त जागा बदलायची. आणि शेवटचा वार लागून तो गुडघ्यावर आला की हात वर करू नका, तसेच मागं पळा. पडताना त्याचा स्फोट होतो, आणि एका मुखवट्यावर उभं असलेल्या विजेत्याला तोही पुरतो.